नळीतला हिरवा उजेड

मोंढ्याच्या बाजारात फवारणीच्या औषधाच्या दुकानासमोरून गेलो, की तो उग्र वास नाकात शिरतो आणि येलदरीच्या वाटेवरची एक विहीर आठवते. तिथं शेतात पाणी पिऊन एक माणूस दगावला होता. डॉक्टरांनी फवारणीचं औषध पोटात गेल्याचं सांगितलं आणि अख्ख्या गावानं विहिरीला बोल लावला. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. आमचं एक द्रावण जांभळ्या टॉर्चखाली हिरवं चमकतं, आणि पाण्यात नसांवर घाला घालणारं विष असलं की विझतं. गावानं बोलावलं म्हणून गेलो, आणि विहिरीशेजारच्या अंधाऱ्या गोठ्यात त्या द्रावणाच्या नळीत विहिरीचं पाणी घातलं. नळी हिरवीगार चमकत राहिली. लोकांचा जीव भांड्यात पडला, कुणी तर लगेच पोहरा सोडला. तेवढ्यात त्या माणसाची बायको पुढं आली. हातात औषधाचाच जुना कॅन होता, लेबल खरवडून काढलेला. “ह्यातलं बी बघा, सर. ह्याच्यातच पाणी न्हेलं होतं मी त्यांना.” तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. त्याचे थेंब पडले आणि नळीतला उजेड गेला. “राखीनं तीनदा घासला होता हो,” ती म्हणाली. “दोन दिस उन्हात ठिवला.” मग तिनं मलाच विचारलं, “मंग मीच पाजलं का?” मी टॉर्च बंद केली आणि खाली मान घालून नळ्या पुसत बसलो. आजही प्रयोगशाळेत तो उजेड विझला, की प्रयोग जमला म्हणून मुलं टाळ्या वाजवतात. मी पाठ फिरवून नळ्या पुसायला घेतो.