अक्कांच्या वाटीतला खडा

लातूरहून फोन आला तेव्हा मी नांदेडला नातीशी पत्ते खेळत होते आणि लबाडी करत होते. हुकमाची राणी मांडीखाली दडवलेली, आणि पलीकडून बसवराजचा आवाज, “मावशी, अक्का गेल्या.” बसवराज म्हणजे त्यांचा मुलगा. झोपेतच गेल्या, त्रास झाला नाही, वगैरे त्यानं सांगितलं. मी काही रडले-बिडले नाही. या वयात कुणी गेल्याची बातमी आली की माणूस आधी बोटावर आपलं वय मोजतं, आणि मग गेलेल्याचं नाव घेतं. मी फोन ठेवला, मांडीखालची राणी काढून नातीच्या हातात दिली आणि म्हटलं, घे, जिंकलीस. तिला वाटलं, आजीला उपरती झाली. मला मात्र वाटलं, अक्कांनी पाहिलं.

अक्का कोण, हे या पुरवणीच्या वाचकांना एका अर्थानं सांगावं लागेल आणि एका अर्थानं नाही. अक्कांचे यजमान अप्पा, त्यांच्या कादंबऱ्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हुस्नाबी ठाऊक आहे... निजामाच्या काळातल्या एका नामांकित शायराची बायको. नवरा मुशायरे गाजवत हिंडतो, आणि ही माजघरात मसूर निवडता निवडता हवेलीतले गुन्हे उलगडते. खडा सापडला की वाटीत टाकते, आणि वाचकाला कळतं, कुणीतरी खोटं बोललं. त्या हुस्नाबीचं एवढं कौतुक झालं, वाचनालयांत तिच्यासाठी नंबर लागायचे, पण ती अप्पांना कुठं भेटली हे कुणी कधी विचारलं नाही. ती त्यांच्याच स्वयंपाकघरात भेटली. मी तिथं होते.

लातूर जिल्हा नवा झाला, कचेऱ्या उघडल्या, आणि माझ्या नवऱ्याची बदली तिकडं झाली. मी लोह्याची. मॅट्रिक पास, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं, आणि डोक्यात अप्पांच्या कादंबऱ्यांशिवाय दुसरं काही नव्हतं. तेव्हा त्यांच्या कादंबऱ्यांचा नायक एक कोतवाल होता. मिशीवाला, घोड्यावरचा, मातीवरचा ठसा बघून माणसाची जात-जमात सांगणारा. नव्या जिल्ह्यात नोकरदारांची एवढी गर्दी झाली होती की भाड्यानं खोली मिळायची नाही, आणि आम्हाला मिळाली ती गंजगोलाईजवळ, प्रत्यक्ष अप्पांच्या घरात! मी पहिल्या दिवशी अप्पांच्या पाया पडले ती उठेचना. शेवटी नवऱ्यानं दंडाला धरून उठवलं. आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईकडं मी पाहिलंसुद्धा नाही. ठेंगणी, सावळी, उदगीरकडची, बोलण्यात कानडी हेल. मी मनात म्हटलं, एवढ्या थोर माणसाच्या पदरात देवानं हे काय टाकलं? असली मी शहाणी. आज ती मुलगी भेटली तर तिला दारातूनच परत पाठवीन.

त्या घरी एक रिवाज होता. दुपारी चारच्या चहानंतर अप्पा ओसरीवर बसून लिहिलेलं मोठ्यानं वाचायचे आणि समोर अक्का सूप घेऊन ज्वारी निवडत बसायच्या. पाऊस दोन वर्षं रुसलेला. रेशनच्या ज्वारीत दाण्यांइतकेच खडे. अक्का मान वर करायच्या नाहीत. बारीक खडे गपचूप बाजूला सारायच्या. पण अप्पांच्या वाचण्यात काही खोटं आलं, कुणी पात्र त्याच्या स्वभावाबाहेर वागलं, की एक खडा शेजारच्या पितळी वाटीत पडायचा. टण्ण. अप्पा थांबायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, “काय चुकलं?” अक्का म्हणायच्या, “बघा की तुम्हीच.” बस्स. मला वाटायचं, काय ही बाई, लेखकाची समाधी मोडते. मी एकदा अप्पांना सुचवलंही, की अक्कांना निवडणं आत करायला सांगावं. अप्पा मोठ्यानं हसले. का हसले ते मला पुढं कळलं.

घरात अप्पांची आई होती. सगळे तिला अव्वा म्हणत. कडक लिंगायत बाई. गळ्यातलं लिंग चांदीच्या डबीत, आणि रोज त्याची पूजा केल्याशिवाय पाण्याचा घोट नाही. स्वयंपाकघरातल्या दगडी रांजणाला अव्वा आणि अक्का सोडून कुणी शिवायचं नाही. मीसुद्धा नाही. बाहेरचं पाणी भरायला रुक्मिण होती, किल्लारीकडच्या एका खेड्यातली, दुष्काळानं घर सोडून आलेली. अठरा-एकोणीस वर्षांची असेल. टँकरपुढं ती भांडायची ते ऐकायला गल्ली जमायची. रुक्मिण अंगणातलं पिंप भरायची, तिथून गाळून रांजणात ओतायचं काम अक्कांचं. एकदा पिंप भरता भरता ती सहज म्हणाली, “आमच्या गावात औंदा महादेवाला बुडवायला बी पाणी न्हाई.” आमच्याकडं पाऊस ओढ देतो तेव्हा गाव घागरींनी पाणी आणून गाभारा भरतं, पिंड बुडवून ठेवतं. देवाचा जीव कोंडला की तो पाऊस सोडतो, असं म्हणतात. त्या वर्षी तेवढंही पाणी नव्हतं. आतल्या उंबऱ्याशी पान चघळत बसलेल्या अव्वांचं तोंड हलायचं थांबलं. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला काय, मी तेव्हा घोड्यावरच्या कोतवालात.

श्रावणातला सोमवार. आम्ही सगळे देवळात गेलो. गुडघ्यांमुळं अव्वा घरी, आणि अंगण झाडायला रुक्मिण. परत आलो तर अव्वा रांजणाशेजारी पाट टाकून बसलेल्या, आणि गळ्यात लिंग नाही. अक्कांनी विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाल्या, “गळ्यात न्हाई.” आणि पुढं आलेलं ताट सारलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते... गळ्यात लिंग नाही तर तोंडात अन्न नाही, पाणीही नाही. थेंबसुद्धा. ऐंशीच्या घरातली बाई, आणि उन्हाचा ताव असा की श्रावण कुठला, वैशाख वाटावा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अव्वांच्या ओठांना भेगा पडल्या. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले, आज पाणी पोटात गेलं नाही तर मला बोलावू नका.

मी काय केलं? तपास केला. नवऱ्याचं कचेरीतलं भिंग घेऊन अंगणात ओणवी झाले. सारवलेल्या जमिनीवर एक संशयास्पद ठसा सापडला, डाव्या टाचेशी झिजलेली चप्पल. त्याचा माग काढत काढत मी थेट आमच्या खोलीपर्यंत पोचले आणि दाराशी पडलेल्या चपलेला तो तंतोतंत जुळला. चप्पल माझी होती.

अप्पांचा तपास जास्त गंभीर होता, म्हणून जास्त भयंकर. ओसरीवर फेऱ्या मारत ते बोलत होते, शेजारचे चार जण ऐकत होते. घराला आतून कडी. घरात दोघीच. डबी चांदीची. एक अव्वा, मग दुसरी कोण? त्यांचा कोतवाल असंच बोलायचा, आणि मी माना डोलवायची. पण तेव्हा मागच्या दाराशी रुक्मिण उभी होती, हातात तिचं गाठोडं. झडती घेणार म्हणून तिनं ते स्वतःच बांधून आणलं होतं. टँकरपुढं सगळ्या गल्लीला गप्प करणारी ती, गाठोड्याची गाठ पुन्हा पुन्हा आवळत होती. अप्पा म्हणाले, संध्याकाळी फौजदाराला बोलावतो.

आणि टण्ण.

अक्का सूप घेऊन बसलेल्या आहेत हेच कुणाच्या लक्षात नव्हतं. अप्पा थबकले. सवयीनं त्यांनी विचारलं, काय चुकलं? अक्कांनी सूप खाली ठेवलं. “तुमच्या कोतवालाला म्हणावं, जरा घोड्यावरून उतरा. आणि जावा, बेल घेऊन या.” बाहेरच्यांना त्यांनी नुसतं पाहूनच घरी घालवलं. मग माझ्याकडं वळल्या. “कुसुम, आत ये. भिंग तिथंच ठीव.”

स्वयंपाकघरात अव्वा रांजणाला पाठ टेकून बसल्या होत्या. डोळे अर्धे मिटलेले. अक्का त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, “अव्वा, रुक्मिण गाठोडं बांधून उभी राहिलीय.”

अव्वांच्या पापण्या हलल्या.

“देवाला बुडवलं की पाऊस येतो, हाव. माझा बी विश्वास हाय. पण पोरीच्या डोळ्यातलं पाणी बघून त्यो आला, तर त्या पावसाचं पीक आपण कोणत्या तोंडानं खायचं?”

मला काही कळेना. देवाला बुडवलं? कुठं? गावाकडं गाभारा कोरडा, इथं प्यायला पाणी नाही... आणि मग अव्वा वळल्या. लुगड्याचा पदर खोचला, चोळीची बाही वर सारली, आणि तो काडीसारखा हात रांजणात खांद्यापर्यंत गेला. वर आला तेव्हा मुठीत चांदीची डबी होती, पाणी निथळत असलेली. माझ्या अंगावर काटा आला तो आज हे लिहितानाही आहे. गावानं बुडवला नाही म्हणून त्या म्हातारीनं आपल्या गळ्यातला देव घरातल्या उरल्यासुरल्या पाण्यात बुडवला होता. पाऊस येईपर्यंत त्यालाही बाहेर काढायचं नाही आणि आपणही प्यायचं नाही. बोललं की नवस मोडतो, म्हणून गप्प. चोरी झाली हे त्या एकदाही म्हणाल्या नव्हत्या. ते आम्ही म्हणालो होतो.

डबी गळ्यात बांधून अव्वांनी कोरड्या घशानं सांगितलं, “त्या पोरीला बोलीव.” रुक्मिण आली, उंबऱ्याबाहेर थांबली. अव्वा म्हणाल्या, “आत ये. तांब्या भर.” रुक्मिणनं रांजणाकडं पाहिलं. “मी? ह्यातलं?” “तुझ्याच हातानं दे.” तिनं तांब्या एवढ्या घाईनं पुढं केला की अर्धं पाणी अव्वांच्या मांडीवर सांडलं, आणि ज्या बाईनं मला वर्षभर रांजणाला शिवू दिलं नव्हतं, ती त्या सांडलेल्या पाण्यासकट घटाघटा प्यायली. अक्का उठून चुलीकडं गेल्या. पाठमोऱ्या होत्या, पण पदर डोळ्यांना लागला ते मला दिसलं.

बाहेर त्यांनी सांगितलं, लुगड्याच्या घडीत सापडलं, म्हाताऱ्या माणसाचं विसरणं. अव्वांचा नवस झाकला गेला, रुक्मिणचं नाव धुतलं गेलं. त्या संध्याकाळी गाठोडं सुटलं, आणि दुसऱ्या दिवशी टँकरपुढं तिचा आवाज पुन्हा लागला. पाऊस मात्र त्या वर्षी आलाच नाही. देवानं ऐकलं नाही, असं मी म्हणाले, तर अक्का म्हणाल्या, त्याला तरी कुठवर पुरवावं लागतंय, बघ की.

कसं ओळखलं, हे मी त्यांना विचारल्याशिवाय राहणार होते थोडीच. सूप पाखडत त्यांनी सांगितलं, जणू भाजी कशी केली ते सांगावं. लिंग हरवलेलं माणूस आधी जंगमाला, म्हणजे लिंगायतांच्या गुरूला बोलावतं, त्याच्याकडून दुसरं धारण करतं. अव्वांना विचारलं तर नको म्हणाल्या. देव हरवलेलं माणूस देव नको म्हणत असेल, तर देव कुठं आहे ते त्याला ठाऊक असतं. बसायला सगळं घर असताना पाट रांजणापाशी का? आणि रुक्मिणचं ते बोलणं ऐकून त्यांचं चघळणं थांबलं होतं. मी त्या वेळी तिथंच होते. डोळे मलाही होते. फक्त मी ते अप्पांच्या पुस्तकातल्या मातीवर लावून बसले होते.

अप्पांना त्यांनी कधीच सांगितलं नाही. लुगड्याच्या घडीवर त्यांचा विश्वास बसला नव्हता हे उघड होतं. महिनोन्‌महिने वेगवेगळ्या बाजूंनी विचारून झालं, कधी लाडीगोडीनं, कधी रुसून. अक्का नुसत्या हसायच्या. मग एका दुपारी अप्पांनी वाचायला घेतलं तर कोतवाल गायब. त्याच्या जागी मसूर निवडणारी एक बाई. संपूर्ण प्रकरण वाचून झालं, वाटी वाजली नाही. अप्पा मान खाली घालून बसून राहिले. एवढा मोठा लेखक, आणि आयुष्यभर ज्याचं उत्तर मिळालं नाही त्या एका दिवसावर त्यानं आपली सगळी चांगली पुस्तकं लिहिली. ते उत्तर समोरच बसलं होतं, रोज चारच्या चहानंतर...

मागच्या दिवाळीनंतर मी अक्कांना शेवटची भेटले. अप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती. डोळे अधू, तरी मांडीवर सूप. पाकिटातली स्वच्छ डाळ, त्यात खडा कुठला? पण बोटं चालू. मी म्हटलं, अक्का, आता तरी ते सांगू का लोकांना? म्हणाल्या, “तुझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, मला म्हाईत हाय. मी हाय तवर भिजू दे. मग लिही. पण खरं लिही.”

तेराव्यानंतर बसवराज नांदेडला आला, पिशवीतून ती पितळी वाटी काढून माझ्या हातात दिली. अक्कांनी सांगून ठेवलं होतं, ही कुसुमला. आत एक खडा होता. जुना, रेशनच्या ज्वारीतला असावा, वापरून वापरून गुळगुळीत झालेला.

काल हा लेख लिहून झाल्यावर मी नातीला समोर बसवलं, वाटी मध्ये ठेवली आणि मोठ्यानं वाचायला घेतलं. पहिल्याच परिच्छेदात, ‘मी काही रडले-बिडले नाही’ हे वाक्य आलं. मी थांबले. नातीनं विचारलं, काय झालं आजी? मी वाटीतला खडा उचलला, वर धरला आणि सोडला.

टण्ण.