भिंत चाखणारे मिस्त्री

आमचे मिस्त्री भिंत चाखायचे. नखानं विटेची भुकटी खरवडायची, जिभेच्या टोकावर ठेवायची आणि डोळे मिटायचे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून विचारलं, "मीठ बरोबर आहे का हो?"

"जास्त हाय, सर," ते गंभीरपणे म्हणाले. "लोणा लागला. ओल आतून येऊन राह्यली."

रिसोडच्या आमच्या वाचनालयाचा मी सचिव. बांधकामातलं माझं ज्ञान गणपतीच्या मखरापुरतं; तेही एकदा ऐन आरतीत खाली बसलं होतं. वाचनालयाच्या पश्चिमेच्या भिंतीच्या विटा बाहेरून झडू लागल्या, म्हणून मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी थापीच्या दांड्यानं एकेक वीट ठोकून ऐकली. खणखणली ती ठेवली, बद्द वाजली ती काढली. सांधे कोरून चुना भरला. मी घाई केली की म्हणत, "तिले बोलू द्या ना, सर. सारं तुमीच बोलता."

जाताना बजावलं, "वरून सिमिट लावू नोका. ओल बाहीर कुठून जाईन? जीव गुदमरते भिंतीचा."

पण वर्धापनदिन जवळ आला आणि ती उघडी भिंत मला लग्नात बनियनवर आलेल्या काकांसारखी दिसू लागली. दुसरा गवंडी लावून मी सिमेंटचा गिलावा करून घेतला, वर गुलाबी ऑइलपेंट. पाहुण्यांनी कौतुक केलं. मी नम्रपणे मान झुकवली.

दोन पावसाळ्यांत भिंतीला पोट सुटलं आणि सुट्टीच्या एका दुपारी ती आडवी झाली. कोणाला लागलं नाही. गर्दी जमली, मिस्त्रीही आले. अध्यक्षांनी विचारलं, "भिंतीचं काम कोणी केलं होतं?"

मिस्त्रींनी गिलाव्याला चिकटलेला विटेचा तुकडा उचलला, चाखला, माझ्यापुढे धरला. "सर, तुमीच सांगा."

मी सांगितलं, "मिस्त्रींनी."

वाक्य अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मी गिळलं.

"काहून, सर?" एवढंच ते म्हणाले. तुकडा खाली ठेवून निघून गेले.

त्यानंतर रिसोडात त्यांना कोणी भिंत दाखवली नाही. ते मानोऱ्याला लेकीकडे राहायला गेले. तिथंच वारले, हे मला फार उशिरा कळलं.

परवा नव्या भिंतीवर पांढरं काही उमटलेलं दिसलं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून मी नखानं खरवडलं, चाखलं. खारट.

समितीला सांगायला हवं. पण भिंत चाखून पाहिली म्हणालो, तर सगळे हसतील. मीही हसलोच होतो.