घड्याळकाकांची वही

रुग्णालयाच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत नोंदी ठेवणाऱ्या म्हाताऱ्या कारकुनाला सगळे घड्याळकाका म्हणत. संगणकापुढे कोणीही बसलं की ते वही पुढे सरकवत. नाव, बसल्याची वेळ, उठल्याची वेळ, सही.

"अहो काका, संगणक सगळं आपोआप लिहून ठेवतो!" तंत्रज्ञ ताई हसायची.

"पासवर्ड कोणाचा ते लिहितो. खुर्चीत कोण बसलंय ते त्याला काय कप्पाळ दिसतंय?"

साठीला टेकल्यावर काकांनी संध्याकाळच्या वर्गात संगणकाच्या कायद्याची तोंडओळख करून घेतली होती, पहिल्या बाकावर बसून. वही तेव्हापासूनची.

ताईचा खाक्या वेगळा. सकाळी ती संगणक उघडून द्यायची आणि दिवसभर सगळे तिच्याच नावावर कामं उरकायचे. पासवर्डची चिठ्ठी कीबोर्डखाली. कोणाचं अडू नये, एवढाच तिचा हेतू.

एका गुरुवारी एका रुग्णाची तक्रार आली. त्याचा अहवाल इथून त्याच्या कचेरीतल्या साहेबाला मेलने गेला होता, तोही ताईच्या नावावरून. सोमवारी चौकशी. ताईच्या पाचावर धारण बसली. घरी सासू आणि शाळकरी मुलगी, दोघींचा आधार ही नोकरी. तिने मेल शोधली आणि पुसायला बोट उचललं.

"हात काढ आधी!" काका एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. "ते पुसलंस तर ज्याने केलं तो सुटेल आणि पुरावा नष्ट केला म्हणून तू अडकशील."

"मग करू तरी काय?"

"बस इथे. कायद्याच्या लेखी संगणकातली नोंदही कागदासारखाच पुरावा असते. मात्र यंत्र कोणाच्या ताब्यात होतं, नीट चालत होतं का, हे सहीनिशी लिहून द्यावं लागतं. यंत्र माझ्या ताब्यात, तेव्हा ते मी देतो. दुसऱ्याच्या नावाने आत शिरणं, कोणाची खासगी माहिती बाहेर देणं, हे गुन्हे. आणि स्वतःचा पासवर्ड गावभर वाटणं..." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"मूर्खपणा," ताई पुटपुटली.

"तो शब्द आमच्या पुस्तकात नव्हता, म्हणून मी गप्प बसलो."

सोमवारी काकांनी यंत्राचं प्रमाणपत्र आणि वही, दोन्ही चौकशी अधिकाऱ्यांपुढे ठेवली. मेल गेली अकरा बेचाळीसला. ताई साडेअकरालाच उठून वॉर्डात रक्त घ्यायला गेलेली, तिथल्या परिचारिकेनेही ते सांगितलं. अकरा पस्तीस ते अकरा पन्नास सही होती बिलाच्या खिडकीवरच्या गृहस्थांची. सहीशेजारी काकांची टर उडवायला त्यांनी मिशीवाल्या घड्याळाचं चित्रही काढलं होतं. ते चित्र पाहून त्यांना नाही म्हणवेना. रुग्णाच्या कचेरीतला तो साहेब त्यांचा मित्र निघाला.

ताईची नोकरी राहिली. पासवर्डबद्दल लेखी ताकीद मिळाली, ती मिळायलाच हवी होती, असं ती आजही म्हणते.

काका निवृत्त झाले त्या दिवशी शेवटची नोंद करून संगणकापुढून उठले. ताईने वही पुढे सरकवली. "काका, उठल्याची वेळ?"

त्यांनी मनगटावर पाहिलं, पाच वाजून दोन मिनिटं असं लिहिलं, सही केली. ताईने वाकून नमस्कार केला.

"अगं, पुरे. वही सांभाळशील ना?"

"सांभाळीन. आणि काका, तुमच्या त्या वर्गात नाव घातलंय मी. पहिल्या बाकावर."