माडीवरच्या पाहुण्यांची खात्री

आमच्या गारखेड्याच्या घरात, माडीवर, दरोडेखोर उतरले आहेत हे मी भर दुपारीच ओळखलं होतं.

मुलीनं वरची खोली मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपवर भाड्यानं टाकली होती. पहिलं गिऱ्हाईक म्हणून एक तरुण जोडपं आलं. वेरूळ बघायचं नाही, मकबरा बघायचा नाही, चहासुद्धा नको. आत गेले आणि पडदे ओढून घेतले! (पडदे मीच हौसेनं गुलमंडीतून आणले होते.) वरून नुसती कुजबुज. मी जिन्याच्या दाराला कडी घातली आणि दारापुढं सोफा सरकवला.

"अहो, आपल्याकडं नेण्यासारखं हाय तरी काय?" बायको म्हणाली.

"मी हाय ना."

"तुम्हाला कोण नेतंय?"

पोराच्या आधार कार्डावर नाव अमोल आणि गाव खुलताबादजवळचं होतं. तिथं माझा मावसभाऊ राहतो. (आमच्याकडं माणसाची खात्री अशीच करतात. ॲपवरच्या ताऱ्यांना कोण विचारतो?) लगेच त्याला फोन लावला.

"दादा, तुमच्या गावचा अमोल माणूस कसा हाय?"

"लई गुणाचा. पण तो तर बायकोला घेऊन पुण्याला गेलाय, कंपनीच्या कामाला."

"नाय, माझ्या माडीवर हाय."

दादानं घाईघाईनं फोन ठेवला. मला मात्र इतकं हलकं वाटलं, की सोफा जागेवर नेऊन मी त्याच्यावरच झोपलो.

संध्याकाळी दारात जीप थांबली. अमोलचे आईवडील, दोन काकू, आत्या आणि रस्ता दाखवायला पुढं माझा मावसभाऊ. "पुण्याचं सांगून पोरगं इथं लपलंय, काय करून बसलं म्हणून जीव थाऱ्यावर नाय," आई रडत होती. माझी भीती मी अख्ख्या खानदानाला वाटून टाकली होती.

अमोल मान खाली घालून जिना उतरला.

"काका, घरात माणसं लई," तो हळूच म्हणाला. "लग्न झाल्यापासून दोघांना निवांत बोलायला मिळालं नाय. पुण्याचं सांगून दोन दिवस चोरून आणले होते. कार्ड तुमच्या भरवशावर दिलं होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोवर आत्यानं वर जाऊन पडदे उघडले होते. सगळे मुक्कामालाच राहिले. बायका माडीवर, पुरुष खाली. अमोल सतरंजीवर, माझ्या शेजारी.

मुलीनं खोली ॲपवरून काढून टाकली. आम्ही आता बाहेरगावी हॉटेलातच उतरतो. कुणाच्या घरी राहायचं म्हटलं की मला धडकी भरते. न जाणो, घरमालक माझ्यासारखा निघायचा!