नंदाखालच्या चुन्याची निवळी

शोभेच्या माशांच्या दुकानात गाळ साचतो फिल्टरमध्ये आणि किस्से साचतात काउंटरवर. गाळ मी दर रविवारी धुऊन टाकतो. किस्से मात्र नव्वदच्या दशकात वसई पूर्वेला दुकान थाटलं तेव्हापासून वाढतच आहेत! त्यातही खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणारी गिऱ्हाइकं मोजून पाच-सहा, पण एकेक वल्ली!

या टाकीतलं कोरल दिसतं दगडासारखं, पण असतं जिवंत. पाण्यातलं कॅल्शियम घेऊन ते आपला सांगाडा बांधतं. कॅल्शियम घटलं की वाढ खुंटली. हे मी जुनी इंग्रजी मासिकं वाचून, मांडीवर डिक्शनरी घेऊन शिकलो आणि गिऱ्हाइकांना शिकवलं. त्यांनी पुढे जे केलं, त्याला मी जबाबदार नाही!

* * *

एव्हरशाईन सिटीतल्या जोशीसाहेबांनी बायकोच्या कॅल्शियमच्या गोळ्या टाकीत सोडल्या. फसफसणाऱ्या, संत्र्याच्या स्वादाच्या! पाणी केशरी झालं. वहिनींचा दुकानात फोन, "भाऊ, माझी हाडं झिजली तरी चालतील, यांचा दगड धडधाकट हवा!"

* * *

नंदाखाल गावच्या सुमनकाकू केळी-नारळाच्या वाडीवाल्या. काका पानाचे शौकीन. मुलगा मिलिंद मर्चंट नेव्हीत. जहाजावर जाताना आपल्या टाकीतलं बोटभर कोरल दाखवून म्हणाला, "आई, मी येईपर्यंत एवढं जगव."

दोन महिन्यांत कॅल्शियमची इम्पोर्टेड बाटली संपली. मुंबईच्या बाजारातही मिळेना. कोरलचे शेंडे फिके पडले. काकू काउंटरशी येऊन उभ्या. "शेठ, पोराला काय तोंड दाखवू? या बाटलीत असतं तरी काय?"

"कॅल्शियम, काकू. आपल्या चुन्यात असतं तेच."

"मग चुनाच का नाही घालायचा?"

इतकी वर्षं धंदा करतोय, पण हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं! म्हटलं, "घाला. पण चुना पाण्यात कालवून वरची स्वच्छ निवळीच. आणि थेंब थेंब."

* * *

थेंब थेंब म्हणजे किती? काकूंनी डॉक्टरकडून सलाईनची नळी मागून आणली. चुन्याच्या निवळीची बाटली खिळ्याला टांगली, नळी टाकीत सोडली. शेजारीण दारातूनच घाबरली, "अगोबाई, कोण आजारी आहे?"

"मिलिंदचं कोरल!"

* * *

हे ऐकून आचोळ्याच्या एका मास्तरांनी डावभर चुनाच टाकीत ओतला. "शेठ, पाण्याचं ताक झालं हो!"

मी काकूंना फोन लावला. त्या रिक्षा करून आचोळ्याला गेल्या, निम्मं पाणी बदलायला लावलं, मासे वाचवले. निघताना म्हणाल्या, "मास्तर, पोरांना एका दिवसात सगळं पुस्तक शिकवता का हो?"

* * *

नऊ महिन्यांनी मिलिंद परतला. काकूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. चुना घातल्याचं पोराला एकटीनं सांगायची छाती होईना.

बोटभर कोरल तळहाताएवढं झालं होतं! मिलिंद काचेला नाक लावून बघतच राहिला. मग खिळ्याला टांगलेली बाटली पाहून हसला आणि बॅगेतून एक डबा काढून ऐटीत टेबलावर ठेवला. "आई, आता तुझे घरगुती उपाय बंद. तिकडचे मोठमोठे लोक हेच वापरतात. थेट जर्मनीहून आणलंय!"

काकूंनी झाकण उघडलं. चिमूटभर पांढरी पूड तळहातावर घेतली, पाण्याचा थेंब टाकला, अंगठ्यानं मळली. एकदा माझ्याकडे पाहिलं आणि आत काकांना हाक मारली,

"अहो, पानाचा डबा आणा! पोरानं जर्मनीहून चुना आणलाय!"