राजगिऱ्याचा तुकडा

शौनक सहा वर्षांचा होईपर्यंत क्षमाला कुणी आई म्हणून हाक मारली नव्हती. सोसायटीतल्या बायका तिला शौनकची आई म्हणत, शाळेतली मिस मम्मा म्हणे. ज्याने म्हणायचं, तो तिचं मनगट धरून तिला फ्रिजपर्यंत ओढत नेई आणि तिचा हात दारावर ठेवून वाट बघत उभा राही.

ऑटिझमचं निदान झाल्यावर तिने बँकेतली नोकरी सोडली. मुलुंड पूर्वेच्या त्या दोन खोल्यांत मग ती, शौनक आणि सासरे अण्णा अशी तिघं दिवसभर असत. नवरा नंदकिशोर सकाळी जाई तो रात्री जेवायलाच उगवे. त्याच्या जुन्या कंपनीच्या विम्यात हॉस्पिटलात आडव्या झालेल्या माणसाचाच खर्च मिळे. शौनक आडवा होत नव्हता, घरभर धावत होता, म्हणजे त्यांच्या लेखी त्याला काही झालंच नव्हतं. नव्या कंपनीचा विमा मात्र बोलायला शिकवण्याच्या थेरपीलाही पैसे देत होता. फक्त वर्ष संपताना विम्याची डॉक्टर घरी येऊन मुलाला बघणार, आणि पुढे द्यायचं की नाही ते ती ठरवणार. स्वतःच्या खिशातून ही थेरपी चालवणं नंदकिशोरच्या आवाक्यातलं नव्हतं. बंद झाली की झाली.

थेरपिस्ट रुचिराने पहिल्याच महिन्यात हेरलं, की हा पोरगा राजगिऱ्याच्या चिक्कीसाठी जीव टाकतो. ती चिक्कीचा छोटासा तुकडा क्षमाच्या गालाशी धरायची. शौनकने आवाज काढला की तुकडा त्याचा. नुसत्या हुंकारावर कित्येक आठवडे गेले. मग ‘आ’ आला. आणि एका दुपारी क्षमा कोथिंबीर निवडत असताना पाठीमागून कुणीतरी जाड्याभरड्या, सपाट आवाजात म्हणालं, “आई.” ती लगेच वळली नाही. वळली नाही तर तो पुन्हा म्हणेल, हे तिला ठाऊक होतं. तो पुन्हा म्हणाला.

त्यानंतर विम्याच्या डॉक्टरांची तारीख आली.

अण्णा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. शौनकला अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढायला तेच सोबत गेले होते. त्या दिवशी शौनकने तपासणाऱ्याचा चष्मा फेकला, वॉर्डबॉयला चावला आणि टक्के भरभरून मिळाले. मागच्या नंबरवरच्या बाईने आपल्या मुलीकडून कौतुकाने कविता म्हणून घेतली, तिला टक्के कमी पडले. ही गोष्ट अण्णा आल्यागेल्याला सांगत. आता त्यांनी पेपर बाजूला ठेवला.

“बरं झालेल्याला औषध कोण देतं गं? तो आई म्हणाला ना, की त्या म्हणतील, आला बोलायला, चला, बंद करा. त्या दिवशी त्याचं तोंड उघडता कामा नये.”

नंदकिशोर फोनमधून मान वर न काढता म्हणाला, की अण्णांना यातलं कळतं. रुचिराला विचारावं असं क्षमाच्या मनात येऊन गेलं. पण ती काय म्हणेल ते माहीत होतं, म्हणून तिने विचारलं नाही.

आधी तिने नुसती ओ देणं सोडलं. तो हाक मारी, ती नळाकडे बघत भांडी घाशी. तो मोठ्याने हाक मारी. मग समोर येऊन तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवी आणि हाक मारी. ती डोळे मिटून घेई. एवढ्याने भागेना, तेव्हा तिने रुचिराचीच युक्ती उलटी फिरवली. त्याने तोंड उघडलं की स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून म्हणायचं, शू. त्यानेही तसंच बोट ठेवलं, की राजगिऱ्याचा तुकडा. रुचिरा लहान तुकडे द्यायची, क्षमा मोठे देऊ लागली. पोरगा हुशार होता. बोलायला त्याला वर्ष लागलं होतं, गप्प राहायला आठवडासुद्धा लागला नाही.

डॉक्टर तरुण होती, हसऱ्या चेहऱ्याची. चपला दाराबाहेर काढून थेट जमिनीवर शौनकशेजारी बसली. तो मांडत बसलेल्या बाटल्यांच्या झाकणांच्या रांगेत तिने एक झाकण बरोबर जागी लावलं, तसा तो तिला चिकटूनच बसला. मग तिने क्षमाकडे बोट दाखवून विचारलं, “शौनक, ही कोण?”

शौनकने ओठांवर बोट ठेवलं.

“एकही शब्द नाही?” डॉक्टरने क्षमाला विचारलं. “थेरपिस्टने लिहिलंय, आई म्हणतो.”

“चुकून लिहिलं असेल,” क्षमा म्हणाली.

“ठार मुका आहे हो,” अण्णा कॉटवरून म्हणाले.

डॉक्टरने टॅबवर काहीतरी खूण केली आणि उठता उठता हळू आवाजात म्हणाली, “वाईट वाटतं, ताई. थेरपिस्टच्या लिहिण्यावर कंपनी विश्वास ठेवत नाही, म्हणून मला पाठवतात. एक शब्द जरी आला असता ना, तरी मी पुढचं वर्ष लावून दिलं असतं. वर्षभरात काहीच फरक नाही म्हटल्यावर ते म्हणणार, उपयोग नाही.”

क्षमाने तिचा हात धरला. तो बोलतो, म्हणाली. खरंच बोलतो, आम्हीच त्याला गप्प केलं. डॉक्टरने हात सोडवून घेतला नाही, नुसता थोपटला. निकाल सांगितला की सगळ्याच आया असं म्हणतात, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

क्षमा शौनकसमोर गुडघ्यांवर बसली. “म्हण ना रे. आई म्हण.”

शौनकने तिच्याकडे पाहिलं. ओठांवर बोट नीट दाबून धरलं आणि दुसरा हात पुढे केला.

डॉक्टर गेली. चपलांचा आवाज जिन्यात विरला, तेव्हा अण्णा म्हणाले, की पोरगा वेळेला एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं.

शौनक अजून हात पसरून उभा होता, ओठांवरचं बोट न हलवता. शिकवलं ते त्याने चोख केलं होतं. क्षमाने मूठ उघडली. आतला राजगिरा घामाने चिकट झाला होता. तो त्याने तिच्या तळव्यावरून वेचून खाल्ला.