अक्काच्या नावाचं बोलावणं

"कागदले काय माहीत, कोन जितं शे नि कोन मरेल शे?"

ओसरीवर नाना बोलत होते. माझे काका. आवाज त्यांनी खाली आणला होता, पण शेतात हाका मारायची सवय असलेल्या माणसाचा खालचा आवाजही आतल्या खोलीत पोचतो. मी वहीच्या मागच्या पानावर नोकरीच्या जाहिराती उतरवत बसले होते. भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना आणखी हळू बोलायला सांगितलं. तेवढ्यावरून मला कळलं की बोलणं माझ्याबद्दल आहे.

दुपारी पोस्टमनने धुळ्याहून आलेलं एक पाकीट दिलं होतं. तिथल्या मुलींच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला बाई हव्या होत्या आणि मुलाखतीला बोलावलं होतं. पाकिटावर अक्काचं नाव होतं. माझ्या थोरल्या बहिणीने आषाढात हा अर्ज पाठवला आणि श्रावणात ती विषमज्वराने गेली. आता दिवाळी होऊन गेली होती.

मी तेव्हा जळगावला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात होते. भाऊ भुसावळला रेल्वेत असताना त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. अक्का मात्र एरंडोलजवळच्या आमच्या गावी राहून मराठी शाळेत शिकली, मॅट्रिक झाली, मग शिक्षिकेचं ट्रेनिंग घेऊन आली. भाऊंची नजर अधू झाली, नोकरी सुटली आणि आम्ही जळगावला दोन खोल्यांत आलो. अक्का गेल्यावर मी ठरवलं, आता आपण काहीतरी मिळवायचं. कॉलेजच्या वाचनालयात वर्तमानपत्र यायचं. मी टेलिफोन ऑफिसला अर्ज केला, एका बँकेला केला, ग्रंथालयातल्या मदतनिसाच्या जागेसाठी केला. शाळेत घोटवून घेतलेल्या इंग्रजीत, शेवटी स्वतःला त्या साहेबांची आज्ञाधारक सेविका म्हणवून. दोन ठिकाणांहून पदवीधरच हवेत असं कार्ड आलं. बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. त्या वर्षी आमच्या घरात नोकरीचं एकच बोलावणं आलं, आणि ते अक्काला.

मी अक्का बनून मुलाखतीला जावं, यात नानांना लबाडी दिसत नव्हती, हे मला सांगायला हवं. आमच्याकडे कागद नेहमी माणसाच्या मागून आले. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसे. मास्तर पोराची उंची बघत आणि एक जून लिहून टाकत. अक्काची एक जून, नानांच्या तिन्ही मुलांची एक जून. माझी तेवढी खरी होती, कारण मी रेल्वेच्या दवाखान्यात जन्मले.

"इंग्रजी तर हिले तिच्यापेक्षा जास्त येतं," नाना आत येऊन आईला म्हणाले. "सर्टिफिकेटं पेटीत पडेल शेतस. बठ्ठं आयतं शे. नुसतं नाव तेवढं तिचं घ्यायचं. काय मडम, जमी का?"

शाळेमुळे ते मला मडम म्हणत. मी जाहिरातींची वही मिटली. मला एवढंच दिसत होतं की जागा मिळाली तर भाऊंना कुणाकडे काही मागावं लागणार नाही. आणि ती मिळाली, तर मरेपर्यंत मला अक्का म्हणून सही करावी लागेल. माझ्या नावाने झालेलं सगळं शिक्षण, कॉलेजसुद्धा, त्याच दिवशी थांबेल. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

मुलाखतीला आठ दिवस होते. नानांनी सवयीचा उपाय काढला: घरात सगळ्यांनी मला अक्काच्याच नावाने हाक मारायची, म्हणजे धुळ्याला कुणी पुकारलं तर मी गोंधळणार नाही. संध्याकाळी ते बाजेवर बसून साहेब होत.

"जनमतारीख?"

"एक जून."

"वा! मास्तरनी बठ्ठं गाव एकाच दिवशी जन्माले घालं!"

भाऊसुद्धा हसले. अक्का गेल्यापासून ते पहिल्यांदा हसलेले मी पाहिले.

आईने आधी मानलं नाही. दोन दिवस तिने मला कुठल्याच नावाने हाक मारली नाही, नुसतं "अगं" म्हणाली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी केस विंचरत होते. चुलीपाशी भाकरी थापण्याचा आवाज थांबला आणि आईने अक्काला हाक मारली. पूर्वी मारायची तशीच, शेवटचं अक्षर लांबवून. ती सवयीसाठी मारलेली नव्हती. मी ओ दिली.

आत गेले तेव्हा आईने वळून पाहिलं नाही. तिने ताटात ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरीचा करपट कडेचा तुकडा मोडून ठेवला. तो अक्काला आवडायचा. मला कळण्याची भाकरी कधीच आवडली नाही, हे आईला माहीत होतं. मी तो खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्ला. पाचव्या दिवशी तिने माझी वेणी घातली आणि अक्काच्या ट्रेनिंगमधल्या मैत्रिणींची चौकशी केली. कोण कुठे लागली, कुणाचं लग्न ठरलं. मला त्यांच्यातली एकही माहीत नव्हती. "बऱ्या आहेत," मी म्हणाले. आई बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

आजही रस्त्यात कुणी ते नाव पुकारलं, तर माझी मान आधी वळते. ते माझं नाव नाही, हे मागून आठवतं.

मुलाखतीच्या दिवशी आईने मला अक्काचं फिकट निळं पातळ नेसवलं. नाना बरोबर होते. आम्ही पहाटेची एस.टी. धरली. एरंडोलला एक ओळखीचे आबा चढले. त्यांना अक्का गेल्याचं कळलेलं नसावं.

"काय रे, ही तुन्ही पुतणी ना? थोरली का धाकटी?"

"थोरली," नाना म्हणाले.

"मास्तरीण झायी ती?"

"त्येच्यासाठीच चालनूत."

आबा पारोळ्याला उतरले. तोवर नाना बडबड करत राहिले. मग धुळं येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. एकदा त्यांनी पागोट्याच्या टोकाने डोळे पुसले आणि धुळीला शिवी दिली.

शाळेत नाव पुकारलं गेलं तेव्हा मी एका क्षणात उभी राहिले. नाना बाहेरच्या बाकावर थांबले.

आत मुख्याध्यापिका होत्या, नऊवारी आणि जाड चष्मा, आणि शेजारी शाळेच्या कमिटीतले एक म्हातारे गृहस्थ. बाईंनी इंग्रजीत प्रश्न विचारले. मी उत्तरं दिली. लोकांत मला मराठीही धड बोलता येत नसे, पण परीक्षेतलं इंग्रजी मला कधी भ्यायला लावत नव्हतं. एक उतारा वाचायला दिला, तो वाचला. गृहस्थ म्हणाले, "उच्चार फार स्वच्छ आहेत हो." मला कळत होतं की जागा मिळते आहे. आणि मला आनंद होत होता, हेही खरं.

मग बाईंनी अर्ज पुढे ओढला. अक्काने तो कुणाला दाखवला नव्हता. स्वतः लिहून स्वतः टपालात टाकला होता. तिचं ठसठशीत, किंचित उजवीकडे कललेलं अक्षर मला उलट्या बाजूने दिसत होतं. बाईंनी चष्मा सारखा केला.

"बाकी सगळ्या जणी अर्जात इंग्रजीत सेवाभाव लिहितात," त्या हसून म्हणाल्या. "तुम्ही शेवटी मराठीत दोन ओळी लिहिल्यात, म्हणून मी हा अर्ज बाजूला काढला." आणि त्यांनी वाचलं. "माझी धाकटी बहीण इंग्रजी शाळेत शिकून आता कॉलेजात आहे. ती आमच्या घरातली पहिली पदवीधर व्हावी, एवढ्यासाठी मला ही नोकरी हवी आहे."

खोलीत पंखा नव्हता, तरी मला अंगावर वारा आल्यासारखं झालं. अक्काने हे मला कधी सांगितलं नव्हतं. आम्ही फार बोलणाऱ्या बहिणी नव्हतो. ती माझ्या इंग्रजी पुस्तकांवर कव्हरं घालून द्यायची, एवढंच.

"मग?" बाईंनी कागद खाली ठेवला. त्यांचा सूर आता परीक्षेचा नव्हता. "कसं चाललंय तुमच्या धाकट्या बहिणीचं?"

मला आई आठवली, चुलीपाशी, आज संध्याकाळी हाक मारायला थांबलेली. बाहेर नाना खोकले. बरी आहे, हे दोन शब्द तोंडापर्यंत आले होते.

"बाई," मी म्हणाले, "ती धाकटी मीच आहे. अक्का श्रावणात गेली."